उपचार संपले, आता ताटात काय?

स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली, केमो झाली, रेडिएशनही आटोपलं. डॉक्टरांनी रोजची एक गोळी लिहून दिली आणि तीन महिन्यांनी या म्हणाले. नेमक्या याच टप्प्यावर घरचे-दारचे सल्ले सुरू होतात. साखर बंद कर, दूध सोड, सोयाबीनकडे बघूही नको, मासे-मटण वर्ज्य, रोज सकाळी गव्हांकुराचा रस घे. सांगणाऱ्यांच्या मनात मायाच असते. पण पथ्यांची यादी लांबत जाते तसं ताट रिकामं होत जातं. पुढे कधी आजार उलटलाच, तर ‘माझ्याच खाण्यात काही चुकलं’ ही टोचणी त्या बाईच्या वाट्याला येते. मला हे फार अन्यायाचं वाटतं, कारण आजवरचा पुरावा तसं सांगत नाही.

अमेरिकेत स्तनाच्या कर्करोगावर उपचार घेतलेल्या ३,०८८ स्त्रियांवर ‘व्हेल’ नावाचा मोठा अभ्यास झाला. एका गटाने रोज पाच भाग भाज्या, वर भाज्यांचा रस, तीन फळं, भरपूर चोथा आणि अगदी कमी तेल-तूप असा आहार ठेवला. दुसऱ्या गटाला फळं-भाज्या खाण्याचा नेहमीचा सल्ला दिला. सरासरी ७.३ वर्षं दोन्ही गटांवर लक्ष ठेवलं गेलं. २००७ मध्ये निकाल आला : पहिल्या गटात १६.७ टक्के स्त्रियांना पुन्हा कर्करोग झाला, दुसऱ्या गटात १६.९ टक्के. म्हणजे फरक जवळजवळ शून्य. यावरून भाज्या निरुपयोगी ठरत नाहीत. हृदयासाठी, मधुमेहासाठी, पोट साफ राहण्यासाठी त्या हव्यातच, आणि दुसऱ्या गटातल्या बायकाही बऱ्यापैकी भाज्या खात होत्या. पण एखाद्या रसाने आजार कायमचा अडतो किंवा एखाद्या लाडवाने तो परततो, ही भीती मनातून काढून टाकायला या आकड्यांचा मोठा आधार आहे.

त्याच सुमारास दुसरा एक अभ्यास झाला, २,४३७ स्त्रियांचा. त्यात भर होता तो तेल-तूप कमी करण्यावर. पाचेक वर्षांनी त्या गटात आजार परतण्याचं प्रमाण ९.८ टक्के होतं आणि नेहमीचा आहार घेणाऱ्यांत १२.४ टक्के. फरक थोडा होता, पण एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी होती : कमी तेल खाणाऱ्या बायकांचं वजन पावणेतीन किलोंच्या आसपास उतरलं होतं. ‘व्हेल’मध्ये वजनात असा फरक पडला नव्हता. मग फायदा तेल कमी केल्याचा की वजन उतरल्याचा? त्या एका अभ्यासावरून हे ठरवता येत नाही. शरीराचं रसायन मात्र दुसऱ्या शक्यतेकडे बोट दाखवतं.

स्तनाच्या कर्करोगाच्या बऱ्याच गाठी इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकावर वाढतात. पाळी गेल्यावर अंडाशय ते बनवणं जवळजवळ थांबवतात, तरी शरीरात ते तयार होतच राहतं. चरबीच्या पेशींमध्ये अरोमाटेज नावाचं विकर (एन्झाइम) असतं, ते दुसऱ्या संप्रेरकांपासून इस्ट्रोजेन घडवतं. उपचारांनंतर रोज घ्यायच्या लेट्रोझोल, अनास्ट्रोझोल या गोळ्या नेमक्या याच विकराला अडवतात. चरबी जितकी जास्त, तितका हा कारखाना मोठा. शिवाय पोटाभोवतीच्या चरबीमुळे रक्तातलं इन्सुलिन चढं राहतं, तेही पेशींच्या वाढीला चालना देतं. मुंबईच्या टाटा मेमोरियलमधल्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवून दिलं, की ज्यांची कंबर नितंबांच्या मानाने जाड आहे अशा आपल्याकडच्या स्त्रियांना स्तनाच्या कर्करोगाचा धोका जास्त असतो. पाळी चालू असो वा गेलेली असो, गाठ इस्ट्रोजेनवर वाढणारी असो वा नसो. हा अभ्यास आजार होण्याबद्दलचा होता, परतण्याबद्दलचा नव्हे. तरी त्यातला धडा उपयोगी आहे. आपल्याकडे हातपाय बारीक आणि पोट सुटलेलं अशी ठेवण फार आढळते, तिथे नुसता वजनकाटा फसवतो. शिंप्याची टेप घेऊन कंबर मोजावी. दक्षिण आशियाई स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही मर्यादा धरतात.

काटा फसण्याचं आणखी एक कारण उपचारांतच आहे. केमोबरोबर दिलेली स्टेरॉइड्स, महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळणं, काहींची वेळेआधीच गेलेली पाळी, या सगळ्यांत स्नायू झडतात आणि त्यांची जागा चरबी घेते. वजन तेवढंच दिसतं आणि जिना चढताना मात्र पाय थरथरतात. स्नायू परत मिळवायला प्रथिनं लागतात आणि हालचाल लागते. पथ्यांच्या यादीत या दोन्हींचा उल्लेख क्वचितच असतो.

कर्करोगाच्या रुग्णांसाठी दर किलो वजनामागे रोज किमान एक ग्रॅम, जमल्यास दीड ग्रॅमपर्यंत प्रथिनं सुचवली जातात. साठ किलोंच्या बाईला निदान साठ ग्रॅम हवीत. शाकाहारी घराचा हिशेब करून पाहू. दोन वाट्या घट्ट वरण किंवा उसळ, पंधरा ग्रॅम. ज्वारीच्या तीन भाकरी, पुन्हा पंधरा. वाटीभर दही आणि कपभर दूध मिळून अकरा, मूठभर शेंगदाणे सात. बेरीज अठ्ठेचाळीस. उरलेली बारा पन्नास-साठ ग्रॅम पनीर किंवा पंचवीस ग्रॅम सोयाबीनच्या वड्या भरून काढतात. जे खातात त्यांना अंड्यातून सहा ग्रॅम आणि शंभर ग्रॅम बांगड्यातून एकोणीस-वीस ग्रॅम सहज मिळतात. (मूत्रपिंडाचा त्रास असेल तर हे प्रमाण डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावं.) हिशेब सोपा आहे, अडचण वेगळीच आहे. आपल्या घरांत बाई शेवटी जेवते आणि तिच्या वाटीत पातेल्याच्या वरचं पातळ पाणी येतं. आजारातून उठलेल्या बाईला आधी वाढा आणि वरण ढवळून वाढा. हे घरातल्यांनी करायचं काम आहे, तिच्यावर सोडू नये.

उपासांचंही तसंच. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट, त्यात प्रथिनं नावालाच असतात. संकष्टी, गुरुवार, एकादशी असं सगळं पाळणारीच्या स्नायूंना आठवड्यातून दोन-दोन दिवस फारसं काही मिळतच नाही. उपास सोडवत नसेल तर राजगिरा, दाण्याची आमटी, दूध, दही यांवर भर द्यावा.

सोयाबीनची भीती त्यातल्या इस्ट्रोजेनसारख्या घटकांमुळे पसरली. शांघायमध्ये या आजाराच्या ५,०४२ स्त्रियांचा मागोवा घेतला, त्याचे निष्कर्ष २००९ मध्ये आले. सोयाचे पदार्थ सर्वांत जास्त खाणाऱ्यांत आजार परतण्याचं आणि मृत्यूचं प्रमाण उलट कमी निघालं. हे जेवणातल्या सोयाबद्दल आहे, सोयाच्या अर्काच्या गोळ्यांबद्दल नाही.

साखरेबद्दल सांगतात ते अर्धं खरं आहे. कर्करोगाच्या पेशी ग्लुकोज भराभर शोषतात, पेट स्कॅन ही कर्करोग शोधणारी तपासणी त्यावरच चालते. पण तुम्ही साखर सोडलीत तरी यकृत ग्लुकोज बनवतच राहतं, त्यामुळे गाठीची उपासमार होत नाही. गोड आवरायचं ते कमरेसाठी. दारू मात्र पूर्ण टाळावी, ती स्तनाच्या कर्करोगाचं सिद्ध झालेलं कारण आहे.

हळदीचं थोडं सविस्तर सांगायला हवं. फोडणीतली चिमूटभर हळद बिनधास्त खावी. प्रश्न आहे तो हळदीच्या अर्काच्या कॅप्सुलांचा. त्या नीट शोषल्या जाव्यात म्हणून त्यांत काळ्या मिरीचा अर्क घालतात. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या डॉक्टरांनी टॅमॉक्सिफेन (इस्ट्रोजेनचा परिणाम रोखणारी गोळी) घेणाऱ्या सोळा जणींना असा अर्क दिला, तेव्हा त्या औषधाचं शरीरात तयार होणारं कामाचं रूप साधारण १२ टक्क्यांनी घटलं. २०१९ चा हा अभ्यास लहान आहे, पण ज्या गोळीवर पाच-दहा वर्षं भिस्त ठेवायची, तिची ताकद असल्या कॅप्सुलांपायी का घालवायची? आयुर्वेदिक असो वा ‘नॅचरल’, प्रत्येक बाटली कर्करोगतज्ज्ञांना दाखवूनच उघडावी.

लेट्रोझोलसारख्या गोळ्यांनी हाडं विरळ होतात, म्हणून हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी वेळेवर करून घ्यावी. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. नाचणीची भाकरी किंवा आंबील, दूध, आणि रक्त तपासून गरज असेल तर ड जीवनसत्त्व. याच गोळ्यांनी सांधेही आखडतात, आणि कित्येक जणी त्या दुखण्याला कंटाळून गोळी सोडतात. अमेरिकेत अशा १२१ स्त्रियांपैकी निम्म्यांना वर्षभर चालण्यासारखा व्यायाम आणि आठवड्यातून दोनदा वजनं उचलणं असा कार्यक्रम दिला. त्यांची सांधेदुखी २९ टक्क्यांनी उतरली. आखडलेल्या सांध्यांना विश्रांती द्यावी असं आपल्याला वाटतं, इथे तर चालण्याने आराम पडला. आठवड्याला दीडशे मिनिटं, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास, एवढं चालणं पुरेसं आहे. सुरुवात दहा मिनिटांनीही चालेल.

राहिला हात. काखेतल्या गाठी काढल्या की त्या बाजूचा हात सुजण्याची भीती असते, म्हणून ‘त्या हाताने काही उचलू नको’ असं बजावलं जातं. कळशी नको, भाजीची पिशवी नको, नातवंडही नको. २००९ मध्ये फिलाडेल्फियाच्या संशोधकांनी हे तपासून पाहिलं. आधीच हात सुजलेल्या १४१ स्त्रियांपैकी निम्म्यांनी दाबपट्टी घालून, जाणकाराच्या देखरेखीखाली, अगदी हलक्या वजनापासून सुरुवात करत वर्षभर वजनं उचलली. सूज वाढली नाही. उलट त्यांच्यात सूज भडकण्याचं प्रमाण निम्मंच निघालं : वजनं न उचलणाऱ्यांत २९ टक्के, उचलणाऱ्यांत १४ टक्के. तेव्हा फिजिओथेरपिस्टला विचारून अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटलीने सुरुवात करावी, आठवडाभर त्रास झाला नाही तर थोडं वाढवावं. मध्ये मोठा खंड पडला तर पुन्हा हलक्या वजनावर यावं. हात जड वाटू लागला, अंगठी घट्ट झाली तर थांबून दाखवून घ्यावं, आणि हात लाल होऊन ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावं.