पाम पायलट आणि लिनक्स: दोघांचं जमलं कसं त्याची पार्श्वभूमी

मार्च १९९६ मध्ये यू.एस. रोबोटिक्सच्या पाम विभागाने पायलट १००० आणि ५००० आणले. दोन ट्रिपल-ए सेलवर चालणारं, खिशात मावणारं डायरीसारखं यंत्र, मेमरी पहिल्यात १२८ केबी आणि दुसऱ्यात ५१२ केबी. कॉम्प्युटरशी जोडायला विंडोज आणि मॅकचं सॉफ्टवेअर होतं, युनिक्स-लिनक्स या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिम वापरणाऱ्यांसाठी कंपनीकडून काहीच नाही. मग ते लोकांनीच बनवलं.

डी. जेफ डिऑन आणि केनेथ अल्बानोव्स्की यांनी पायलट-लिंक हे पामला लिनक्सशी जोडणारं सॉफ्टवेअर लिहिलं, आणि माझ्या मते पुढचं सगळं त्याच्यावरच उभं आहे. सिरियल केबल लावायची, डेव्ह (/dev, जिथे लिनक्स जोडलेली उपकरणं दाखवतं) फोल्डरमध्ये पायलट नावाची लिंक त्या पोर्टकडे वळवायची, टर्मिनलमध्ये पायलट-लिंकमधली पायलट-एक्सफर ही कमांड चालवायची आणि मग क्रेडलवरचं (पाम ठेवायच्या स्टँडवरचं) हॉटसिंकचं, म्हणजे दोन्हीकडच्या नोंदी जुळवण्याचं, बटण दाबायचं. पाम आणि कॉम्प्युटरचं बोलणं सेकंदाला ९६०० बिटच्या स्पीडने सुरू होतं आणि दोन्हीकडचं जमलं की मग स्पीड वाढतो. पाममध्ये प्रत्येक नोंदीला 'बदलली आहे' असा एक फ्लॅग (खूण) असतो त्यामुळे सिंक करताना सगळी वही परत परत पाठवावी लागत नाही, बदललेल्या नोंदीच जातात, आणि इतक्या हळू केबलवर हे फार मोलाचं होतं. कमांड लाईन नको असलेल्यांसाठी पुढे जे-पायलट, केपायलट, ग्नोम-पायलट हे खिडक्या-बटणांचे प्रोग्राम आले.

१९९९ ला हँडस्प्रिंग कंपनीचा व्हायजर हा पामसारखाच संगणक यूएसबी घेऊन आला आणि नवीनच डोकेदुखी. सिरियल पोर्ट कायम जागेवर असतो, इथे बटण दाबल्याशिवाय डिव्हाइसच दिसत नाही, दिसलं तरी दोन पोर्ट येतात आणि सिंक बहुतेक दुसऱ्यावर होतं! ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी कर्नेलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) व्हायजर ओळखणारा ड्रायव्हर लिहिला तेव्हा मार्ग निघाला.

पण मला सगळ्यात भारी वाटतो तो १९९८ चा भाग. डिऑन आणि अल्बानोव्स्की याच दोघांनी लिनक्स २.० थेट पामच्या ड्रॅगनबॉल चिपवर, म्हणजे त्याच्या प्रोसेसरवर, चालवून दाखवलं. त्या चिपला एमएमयूच (मेमरी सांभाळणारा भाग) नाही, म्हणजे प्रत्येक प्रोग्रामला मेमरीचा वेगळा नकाशा देता येत नाही, आणि त्यामुळे युनिक्सचा नेहमीचा फोर्क, म्हणजे चालू प्रोग्रामची (प्रोसेसची) हुबेहूब प्रत काढणं, चालत नाही. त्याऐवजी व्हीफोर्क वापरायचा, ज्यात मुलगा प्रोसेस दुसरा प्रोग्राम चालू करेपर्यंत किंवा संपेपर्यंत बाप थांबून राहतो. एमएमयूशिवाय चालणाऱ्या या लिनक्सचंच नाव यूसीलिनक्स, आणि २००२ मध्ये ते मुख्य कर्नेलच्या २.५ मालिकेत घेतलं गेलं.