दोन झुडपांमधली मोकळी जागा

वाळवंटात वणवा लागतो हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या मनात एकच प्रश्न आला : तिथे जळायला आहे काय? अमेरिकेच्या नैर्ऋत्येचं सोनोरन वाळवंट डोळ्यांनी पाहिलं की हा प्रश्न आणखी पक्का होतो. दोन-तीन पुरुष उंचीचे सवारो निवडुंग, पालो वर्दे नावाची हिरव्या सालीची काटेरी झाडं, क्रिओसोटची झुडपं, आणि या सगळ्यांच्या मध्ये उघडी, खड्याची जमीन. एका झुडपापासून दुसऱ्याकडे जायला तीन-चार पावलं टाकावी लागतात. वीज पडून एखादं झुडूप पेटलं तरी आग पुढे सरकणार कशी? पूर्वी ती फारशी सरकतही नव्हती. आपल्याकडे वनखातं उन्हाळ्याआधी गवत काढून जंगलात जाळरेषा आखतं. इथे प्रत्येक झाडाभोवती निसर्गानेच जाळरेषा आखून ठेवली होती.

तरीही २००५ च्या जूनमध्ये अ‍ॅरिझोनातल्या फिनिक्स शहराच्या उत्तरेला विजेने लागलेल्या केव्ह क्रीक वणव्यात सुमारे १ लाख हेक्टर जळालं. २०२० च्या जूनमध्ये फिनिक्सच्या ईशान्येला पेटलेल्या एका गाडीपासून 'बुश फायर' सुरू झाला आणि त्याने ७८ हजार हेक्टर खाल्लं. दोन्ही वेळा आधीचा हिवाळा कोरडा गेला असेल असं वाटेल. उलट होतं. दोन्ही हिवाळे चांगल्या पावसाचे होते.

वाळवंटातल्या वणव्याची गोष्ट उन्हापासून नाही, पावसापासून सुरू होते. सोनोरन वाळवंटात वर्षातून दोनदा पाऊस येतो, हिवाळ्यात पॅसिफिककडून आणि जुलै-ऑगस्टमध्ये मान्सूनचा. हिवाळी पाऊस जोरात झाला की झुडपांमधल्या मोकळ्या जागेत गवत उगवतं. त्यात 'रेड ब्रोम' हे भूमध्य समुद्राकडून आलेलं परकं गवत मुख्य. मार्चमध्ये ते हिरवंगार असतं, एप्रिलअखेर वाळून पिवळं पडतं. देशी रानफुलं वाळली की त्यांचा लवकर भुगा होतो. ब्रोमच्या काड्या मात्र वर्षभर, कधी त्याहूनही जास्त दिवस उभ्या राहतात. मे उजाडेपर्यंत झुडपाझुडपांमधल्या त्या तीन पावलांवर कडबा अंथरलेला असतो. जाळरेषा पुसली जाते.

आता उन्हाकडे येऊ. ४५ अंशांच्या उन्हात गवत आपोआप पेटत नाही. गवत पेट घ्यायला काहीशे अंश लागतात. उन्हाचं काम वेगळं आहे. ते हवेची तहान वाढवतं. २० अंश तापमानाला एक घनमीटर जागेत जास्तीत जास्त १७ ग्रॅम वाफ राहू शकते. ४० अंशांना ५१ ग्रॅम. मे महिन्यातली मुंबईची दुपार घ्या : ३४ अंश, आर्द्रता ६५ टक्के. त्या हवेला आणखी साधारण १३ ग्रॅम वाफ हवी असते. जूनमधल्या फिनिक्सची दुपार घ्या : ४२ अंश, आर्द्रता ८ टक्के. तिथे ही तूट पन्नास ग्रॅमच्या वर जाते, म्हणजे तहान जवळजवळ चौपट. ती भागवायला हवा मिळेल तिथून पाणी ओढते : तुमच्या ओठांतून, दोरीवरच्या कपड्यांतून, गवताच्या काडीतून. नागपूर-अकोल्याला मे महिन्यात कूलर जीव वाचवतो आणि मुंबईत तो नुसता चिकचिकाट करतो, त्याचं कारण हीच तहान. आणि ज्या हवेत कूलर उत्तम चालतो, त्याच हवेत वणवाही उत्तम चालतो.

वणव्याचा अभ्यास करणारे इंधनाची प्रतवारी तासांत करतात. पेन्सिलीहून बारीक काड्या आणि गवत हे 'एक तासाचं इंधन'. हवेचा कोरडेपणा बदलला की तासाभरात काडीतली ओलही बरीचशी त्याप्रमाणे बदलते. पुढे दहा तासांचं, शंभर तासांचं इंधन येतं, आणि जाड ओंडके हजार तासांचे. पाइनच्या जंगलातल्या मोठ्या आगीसाठी ओंडके सुकावे लागतात, त्याला महिने जातात. वाळवंटाचं जवळजवळ सगळं इंधन एक तासाच्या वर्गात मोडतं. पहाटे काडी वाकते, दुपारी दोनला तीच काडी चिमटीत धरली की कट्‌कन मोडते. तेव्हा तिच्यात वजनाच्या दोन-चार टक्के एवढीच ओल उरलेली असते. सकाळचं रान आणि दुपारचं रान दिसायला सारखं, पण आगीच्या दृष्टीने ती दोन वेगळी रानं.

आणि नेमका दुपारीच वारा उठतो. रात्री जमिनीलगतची हवा थंड, जड होऊन बसून राहते. वरून वेगाने वाहणाऱ्या वाऱ्याशी तिचा संबंध तुटतो. सकाळी दहा-अकरानंतर तापलेल्या जमिनीवरून हवेचे लोट उठू लागतात, वावटळी फिरू लागतात. जूनमध्ये हे घुसळण तीन-चार किलोमीटर उंचीपर्यंत पोचतं, आणि वरचा वेगवान वारा खाली खेचला जातो. मे-जूनमध्ये उत्तरेकडून एखादा कमी दाबाचा पट्टा सरकत असेल तर वारा दिवसभर झोडपतो. वारा नसेल तर ज्वाळा सरळ उभी राहते आणि तिची धग आकाशात जाते. वारा असेल तर ज्वाळा पुढच्या गवतावर आडवी होते, ते पेटण्याआधीच भाजून काढते आणि ठिणग्या उडवून पुढे नवी तोंडं उघडते.

अमेरिकेची राष्ट्रीय हवामान सेवा सुकं इंधन, कोरडी हवा आणि वारा या तीन गोष्टी एकत्र आल्या की 'रेड फ्लॅग वॉर्निंग' देते. निकष जागोजागी थोडे बदलतात. अ‍ॅरिझोनात साधारणपणे आर्द्रता १५ टक्क्यांवर किंवा त्याखाली, वारा ताशी ३२ किलोमीटर किंवा जास्त, आणि ही स्थिती काही तास टिकणार, अशी मांडणी असते. निकषात तापमानाचा आकडा नाही, हे मला फार बोलकं वाटतं. पारा ४७ वर गेला पण हवा पडली असेल, तर उष्णतेचा इशारा मिळेल, लाल बावटा नाही. मेमधल्या ३३ अंशांच्या एखाद्या झोंबऱ्या वाऱ्याच्या दिवशी मात्र तो फडकेल.

सगळ्यात फसवे दिवस येतात जूनअखेर. तिथल्या पावसाळ्यालाही लोक मान्सूनच म्हणतात. २००८ पर्यंत त्याची सुरुवात दवबिंदूवरून, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं दव होऊ लागतं त्यावरून ठरायची : तिथल्या टुसॉन शहरात सलग तीन दिवस तो ठराविक आकड्यावर राहिला की मान्सून आला. आता सोय म्हणून १५ जून ते ३० सप्टेंबर असा काळ ठरवून टाकला आहे. प्रत्यक्षात वारे फिरून कॅलिफोर्नियाच्या आखाताकडून आणि पूर्वेकडून ओल यायला बहुधा जुलै उजाडतो. पहिले ढग येतात तेव्हा वर ओल असते आणि खाली भट्टी. ढगाचा तळ तीन-तीन किलोमीटर उंच. त्यातून पाऊस पडताना दिसतो, करड्या झालरीसारखा लोंबतो, आणि जमिनीला न शिवता हवेतच विरून जातो. वीज मात्र विरत नाही.

त्या विरलेल्या पावसाचं पुढे काय होतं? कूलरच्या जाळीत जे होतं तेच, फक्त काही किलोमीटरच्या आकाराचं. पाण्याची वाफ होताना हवेतली उष्णता शोषली जाते, हवा थंड होते, थंड झाल्याने जड होते आणि कोसळते. जमिनीवर आपटून ती चारी दिशांना फाकते. वळवाच्या पावसाआधी अचानक गार वारा सुटतो, दारं आपटतात, अंगणातली धूळ उठते, आणि आपण दोरीवरचे कपडे काढायला धावतो, तोच हा वारा. अ‍ॅरिझोनात तो केवढा होऊ शकतो हे ५ जुलै २०११ ला दिसलं. त्याने उठवलेली धुळीची भिंत दीड किलोमीटर उंच आणि जवळपास १६० किलोमीटर रुंद होती, आणि संध्याकाळी तिने अख्खं फिनिक्स गिळलं.

आपल्याला हा वारा सुखाचा वाटतो, कारण त्याच्या मागून थेंब येतात. वणव्याशी झुंजणाऱ्या माणसासाठी त्याच्याइतकं भयंकर काही नाही. २८ जून २०१३ ला फिनिक्सच्या वायव्येला, वाळवंटाच्या काठावरच्या यार्नेल गावाजवळच्या डोंगरात वीज पडली. दोन दिवसांनी, ३० तारखेच्या दुपारी, आग ईशान्येकडे सरकत होती. मग उत्तरेकडच्या गडगडाटी ढगांमधून कोसळलेली हवा तिथे पोचली आणि आगीचं लांबलचक कुशीकडचं अंग हेच तिचं तोंड झालं. ती दक्षिणेकडे उलटली. डोंगराच्या एका खोलगट भागातून खाली उतरणारे प्रेस्कॉट गावच्या दलाचे १९ जवान तिच्या वाटेत सापडले. अंगावर ओढायचे चकाकते अग्निरोधक तंबू त्यांनी उघडले होते. त्यांतला कुणीही वाचला नाही. त्यांची तुकडी २० जणांची. विसावा जवान टेहळणीसाठी दुसरीकडे उभा होता, तो वाचला. वारा फिरणार आहे असे इशारे हवामान खात्याने त्या दुपारी दिले होते. त्या टेकाडांमध्ये उभ्या असलेल्या माणसाला तो नेमका केव्हा आणि कुठून अंगावर येणार, हे कळणं वेगळं. ही घटना वाचली तेव्हापासून वळवाच्या आधीचा तो गार वारा मला पूर्वीसारखा लागत नाही.

रात्रीबद्दलही बोललं पाहिजे. वाळवंटात रात्र म्हणजे उसंत : पारा उतरतो, आर्द्रता चढते, काडी थोडी ओल परत घेते, आग मंदावते. ही उसंत आता आकसते आहे. २०२३ च्या उन्हाळ्यात फिनिक्समध्ये सलग ३१ दिवस पारा ४३.३ अंशांवर गेला, आणि १९ जुलैला रात्रीचं किमान तापमान ३६ अंशांच्या खाली उतरलंच नाही. सवारो निवडुंग दिवसा आपली रंध्रं मिटून घेतो आणि रात्रीच्या गारव्यात उघडून श्वास घेतो. पाणी वाचवण्याची ही त्याची रीत. रात्रच तापलेली असेल तर त्याने श्वास घ्यायचा केव्हा? त्या उन्हाळ्यात फिनिक्सच्या वनस्पती उद्यानात सवारोंचे हात गळून पडले, काही अख्खेच कोसळले. आग न लागता.

आग लागली तर काय होतं, ते टुसॉनजवळ पाहिलं. जळून काही वर्षं झालेला उतार होता. दुरून सवारो उभे दिसत होते. जवळ गेल्यावर कमरेपर्यंतची साल तपकिरी, पुठ्ठ्यासारखी कडक झालेली. वर हिरवा, पण सुकत चाललेला. एवढ्या मोठ्या देहात साठवलेलं पाणी त्याला वर्ष-दोन वर्षं, कधी त्याहून जास्त जगवतं, त्यामुळे मोजदाद करताना तो जिवंत धरला जातो. मग एखाद्या वादळात तो पडतो. सवारोला पहिला हात फुटायला पन्नास ते पंच्याहत्तर वर्षं लागतात, आयुष्य दीड-दोनशे वर्षांचं. पाइनची जंगलं लहानमोठ्या आगींबरोबर वाढली, त्यांना जाड साल आली. सवारोला असं काही शिकायची वेळच आली नव्हती.

त्याच भागात हिवाळ्यातल्या एका शनिवारी स्वयंसेवकांबरोबर परकं गवत उपटायला गेलो होतो. ब्रोम नव्हे, हे त्याहून चिवट, वर्षानुवर्षं टिकणारं, ठोंबांनी वाढणारं. तिथे त्याला 'बफेलग्रास' म्हणतात. आफ्रिका, अरबस्तान आणि भारत हे त्याचं मूळ घर. १९३० च्या दशकात गुरांच्या चाऱ्यासाठी आणि मातीची धूप थांबावी म्हणून ते अ‍ॅरिझोनात आणलं गेलं; २००५ मध्ये राज्याने ते उपद्रवी तण म्हणून जाहीर केलं. सीमेपलीकडच्या मेक्सिकोत ते अजूनही गुरांसाठी लावतात. गटप्रमुख बाईंनी एक ओंबी हातात दिली, कोल्ह्याच्या शेपटीसारखी, मऊ, तांबूस. मी ती बोटांत फिरवली आणि ओळखलं. हे आपलं अंजन गवत. नगर जिल्ह्यातल्या आमच्या कोरडवाहू बांधावर वडिलांनी तेच लावलं होतं. दुष्काळात टिकतं, कापलं की फुटतं, जनावरं आवडीने खातात.

त्यांतले पहिले दोन गुण टुसॉनच्या टेकड्यांवर घात करतात. पाऊस कमी पडला तरी ते टिकतं. ठोंब कमरेपर्यंत वाढतो, त्यात वर्षानुवर्षांचं वाळकं गवत साठतं, आणि पेटला की त्याची आग ब्रोमच्या आगीहून कितीतरी प्रखर असते. जळालं की बुंध्यापासून पुन्हा फुटतं, मोकळ्या झालेल्या जागेत पसरतं, आणि पुढच्या आगीची तयारी होते. आपल्या माळावर त्याला चरणारी जनावरं आहेत, कापणारे विळे आहेत. त्या उतारांवर यातलं काहीच नाही.

ठोंब हाताने निघत नाही. पहार बुडाशी घालून, दगडाचा टेकू देऊन उचकटावा लागतो. मुळं निघताना कापड फाटल्यासारखा आवाज येतो. मग माती झटकायची, ओंब्या न सांडता ठोंब पिशवीत कोंबायचा. तीन तासांत आम्ही बाराजणांनी छोट्या घराच्या अंगणाएवढी जागा मोकळी केली. बी मातीत काही वर्षं जिवंत राहतं, त्यामुळे पुढल्या पावसानंतर पुन्हा त्याच जागी यावं लागणार, हे बाईंनी निघण्याआधीच सांगितलं होतं.

शेवटचा ठोंब एका पालो वर्देच्या सावलीला होता. तो काढल्यावर खाली, खड्यांच्या मध्ये, अंगठ्याच्या पेराएवढं हिरवं काहीतरी दिसलं. सवारोचं रोप. पहिल्या आठ वर्षांत ते इंच-दीड इंच वाढतं, म्हणजे ते सात-आठ वर्षांचं असावं. बाईंनी शेजारी एक लहान निशाण रोवलं, ठोंब निघालेल्या खड्ड्यात माती लोटली आणि पायाने हलकेच दाबली.