कडेचा मजकूर फिका का दिसतो?

आमच्या पिढीनं घरात पाहिलेला पहिला टीव्ही फुगीर काचेचा होता. आत निर्वात नळी आणि बाहेरून हवेचा दाब. तो दाब पेलावा म्हणून काच बाहेरच्या बाजूला फुगवलेली असायची. एलसीडी आला आणि पडदा सपाट झाला. आता ३४ इंची मॉनिटर बघायला दुकानात गेलं, तर पडदा उलट आत वळलेला असतो. विक्रेता हमखास सांगतो, "डोळा गोल, म्हणून पडदा गोल. ताण येत नाही." ऐकायला हे लगेच पटतं. पण वक्र पडद्याचं खरं कारण वेगळं आहे, आणि ते समजलं की कोणता मॉनिटर घ्यायचा हा गोंधळ बराच कमी होतो.

शिवणकामाची टेप घ्या. ३४ इंच हा पडद्याचा कर्ण. रुंदी भरते साधारण ८० सेंटिमीटर. पडदा सपाट आहे आणि तुमचे डोळे त्याच्या मध्यापासून ७० सेंटिमीटरवर आहेत, असं धरू. मग कडेचं अंतर शाळेतल्या पायथागोरसनं निघतं: एक बाजू ७०, दुसरी ४०, कर्ण साधारण ८०.६. म्हणजे कड मध्यापेक्षा साडेदहा सेंटिमीटर लांब. डोळ्याच्या भिंगाच्या हिशेबात हा फरक जेमतेम ०.१९ डायॉप्टर. चष्म्याचा नंबर पाव-पावच्या टप्प्यानं बदलतो, त्याहूनही कमी. एवढा फरक डोळा सहसा फोकस न बदलता सांभाळून घेतो. त्यामुळे ३४ इंची पडद्यापुरता तरी 'सारखा फोकस बदलून डोळे थकतात' हा मुद्दा मला कमजोर वाटतो.

खरी गोष्ट आहे कोनाची. त्याच सपाट पडद्याच्या कडेवर तुमची नजर जवळजवळ ३० अंश तिरकी पडते. वक्र एलसीडी मॉनिटरमध्ये बहुतेकदा व्हीए प्रकारचं पॅनेल असतं. त्यातले द्रवस्फटिकाचे रेणू विद्युतदाब नसताना काचेला काटकोनात उभे असतात आणि मागचा प्रकाश अडवला जातो. म्हणून व्हीएचा काळा रंग खरोखर गडद दिसतो. त्याचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे पांढऱ्या आणि काळ्याच्या उजेडातलं प्रमाण, साधारण ३०००:१ असतो; आयपीएस या दुसऱ्या प्रकारच्या पॅनेलचा १०००:१ च्या आसपास. करडा रंग दाखवायचा असेल तेव्हा हे रेणू अर्धवट कलतात. वाऱ्यानं एका अंगाला कललेलं ज्वारीचं शेत समोरच्या बांधावरून एक दिसतं आणि बाजूच्या बांधावरून वेगळंच दिसतं, तसंच इथे होतं. मधोमध नीट दिसणारा गडद करडा कडेला फिका, धुतल्यासारखा दिसतो. पडदा वळवला की कड तुमच्याकडे तोंड करते. याच ३४ इंची पडद्याला १८००आर वक्रता, म्हणजे १८०० मिलिमीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा बाक, दिली तर ३० अंशांचा तिरकेपणा १८ वर येतो, आणि १०००आर दिली तर ९ वर. वक्रतेचा फायदा मी यातच मानतो.

'आर'च्या आधीचा आकडा लहान तितका बाक जास्त. २७ इंची पडद्याला बाक नसला तरी काही अडत नाही. याउलट ४९ इंची लांबलचक पडदा सपाट असता, तर त्याच अंतरावरून नजर कडेवर ४० अंश तिरकी पडली असती आणि कड ९२ सेंटिमीटरवर गेली असती. तिथे बाक हवाच.

ही कल्पना संगणकाच्या जगात जन्मलेली नाही. १९५२ साली न्यूयॉर्कमध्ये 'सिनेरामा' सुरू झाला. तीन प्रोजेक्टर आणि १४६ अंशांत वळलेला भव्य पडदा. इतक्या खोल पडद्यावर एका कडेचा प्रकाश समोरच्या कडेवर पडून चित्र पुसट करतो. म्हणून तो पडदा सुमारे ११०० उभ्या पट्ट्यांचा केला होता. मॉनिटरला ही अडचण फारशी येत नाही, पण पाठीमागे खिडकी असेल तर तिचं प्रतिबिंब वक्र पडद्यावर आडवं पसरतं. टेबल फिरवून खिडकी बाजूला घेणं उत्तम.

वक्रतेइतकंच, माझ्या मते थोडं जास्तच, महत्त्व पिक्सेलना, म्हणजे चित्र घडवणाऱ्या बारीक ठिपक्यांना, आहे. ३४ इंची पडदे २५६० × १०८० आणि ३४४० × १४४० अशा दोन्ही प्रकारांत मिळतात. पहिल्याचा पिक्सेल ०.३१ मिलिमीटरचा, दुसऱ्याचा ०.२३. निरोगी डोळ्याला ७० सेंटिमीटरवरून ०.२ मिलिमीटरपर्यंतचा तपशील ओळखता येतो. आता बारीक टंकात 'वैशिष्ट्य' हा शब्द लिहून बघा. शिरोरेषा, वरच्या दोन मात्रा, वेलांटी आणि खाली दाटीवाटीनं बसलेलं 'ष्ट्य'. इंग्रजी 'ए' जितक्या उंचीत मोकळा बसतो, तितक्यात हे सगळं मावायचं असतं. मोठ्या पिक्सेलवर त्या जोडाक्षराचा गोळा होतो. दिवसभर मराठी वाचणाऱ्या-लिहिणाऱ्यानं ३४४० × १४४० हाच प्रकार घ्यावा.

त्याच पडद्यावर रुंद चौकटीतला, म्हणजे २.३९:१ चा सिनेमा कडेपासून कडेपर्यंत बसतो, कारण ३४४० ला १४४० नं भागलं की तेच गुणोत्तर येतं. मालिका आणि यूट्यूबवरचे बहुतेक व्हिडिओ १६:९ चे, त्यामुळे दोन्हीकडे दहा-दहा सेंटिमीटर काळं राहणार. ओएलईडी पडद्याचा प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो, त्याला तिरक्या नजरेचा त्रास जवळजवळ नाही, आणि रात्री दिवे घालवून सिनेमा किंवा गेमसाठी त्याला तोड नाही. पण आठ-आठ तास एक्सेलची तीच पट्टी आणि तोच टास्कबार ठेवला, तर कालांतरानं त्यांची छाप पडद्यावर उमटून राहू शकते. घराचे नकाशे किंवा यंत्रांची ड्रॉइंग करणाऱ्याला मी सपाट पडदाच सुचवेन. सरळ रेघ सरळ आहे की नाही, याचा निवाडा त्याला डोळ्यानं करायचा असतो.

टेबलाची खोलीही मोजा. दोन फुटी टेबलावर मॉनिटरचा स्टँड मागची बरीच जागा खातो, आणि १०००आर पडद्याच्या कडा मध्यापेक्षा आणखी ८ सेंटिमीटर पुढे येतात. भिंतीशी किंवा टेबलाच्या कडेशी आवळायचा आर्म लावला तर पडदा मागे सरकवता येतो.

दुकानात टेप घेऊनच जा. भडक रंगांच्या डेमो व्हिडिओवरून काहीच कळत नाही. तो बंद करायला सांगा आणि पडदाभर एकच गडद करडा रंग लावायला सांगा. खुर्ची ७० सेंटिमीटरवर घ्या, डोकं स्थिर ठेवा आणि नजर मध्यावरून उजव्या कडेला न्या. मग डोकं अर्धा फूट डावीकडे सरकवून तीच कड पुन्हा पाहा. करडा तोच राहतो की फिका पडतो, ते तिथल्या तिथे दिसेल.