हेल्थ सरचार्ज तुमचा, स्किल्स चार्ज कंपनीचा

मुलुंडला आमच्या शेजारच्या बिल्डिंगमधला एक मुलगा जानेवारी 2026 मध्ये ब्रिटनला नोकरीसाठी निघायच्या तयारीत होता, बायको आणि सहा वर्षांच्या मुलीसह. मी बँकेत परदेशी चलनाचं काम बरीच वर्षं केलेलं, म्हणून त्याच्या आईने एजंटचा खर्चाचा कागद माझ्यापुढे ठेवला. दुसरीच ओळ होती: 'हेल्थ व स्किल चार्ज, एकत्र : 14,37,000 रुपये'. काकूंनी दोन एफडी मोडायचं ठरवलं होतं.

माझं बोट त्या 'व' वर थांबलं. हे दोन पैसे एका ओळीत येऊच शकत नाहीत.

इमिग्रेशन हेल्थ सरचार्ज हा जाणाऱ्या माणसाच्या नावावरचा खर्च. त्याबदल्यात तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत, म्हणजे एनएचएसमध्ये, उपचार मिळतात. दात आणि चष्म्याचे पैसे मात्र वेगळे मोजावे लागतात, हे लक्षात असू द्या. 2015 साली तो सुरू झाला तेव्हा वर्षाला 200 पौंड होता. 624 वरून 1,035 वर गेला तो फेब्रुवारी 2024 मध्ये. मुलांना वर्षाला 776. आणि सगळ्यांत दुखतं ते इथे की दरवर्षी थोडाथोडा नाही, व्हिसाची जितकी वर्षं तितक्या वर्षांचा, घरातल्या प्रत्येकाचा, अर्ज करतानाच एकदम भरायचा. तीन वर्षांचे नवराबायकोचे प्रत्येकी 3,105 आणि मुलीचे 2,328, मिळून 8,538 पौंड. एजंटने पौंड 115 रुपयांनी धरला होता, त्या हिशेबाने 9 लाख 82 हजार. हा खर्च खरा आहे, चुकत नाही. कंपनी आपणहून भरायला तयार असेल तर उत्तमच, पण तशी तिच्यावर सक्ती नाही. व्हिसा नाकारला गेला तर हा सरचार्ज परत मिळतो, व्हिसाची फी मिळत नाही. नर्स, डॉक्टर वगैरे हेल्थ अँड केअर व्हिसावर जातात, त्यांना तो माफ आहे.

इमिग्रेशन स्किल्स चार्ज ही वेगळीच गोष्ट. परदेशातून माणूस आणते म्हणून तिथलं सरकार कंपनीकडून तो घेतं. 2017 पासून आहे. मोठ्या कंपनीला वर्षाला 1,000 पौंड पडायचे, 16 डिसेंबर 2025 पासून 1,320. लहान कंपनीला 364 चे 480 झाले. बायकामुलांसाठी तो लागतच नाही. तीन वर्षांचे 3,960 पौंड, म्हणजे साधारण 4 लाख 55 हजार रुपये. एजंटच्या बेरजेत नेमकी हीच रक्कम मिसळलेली होती.

ओळखायचं कसं? पैसे कुठे आणि कधी भरले जातात ते पाहा. हेल्थ सरचार्ज तुमच्या अर्जातच येतो आणि भरल्यावर तुम्हाला 'आयएचएस' ने सुरू होणारा नंबर मिळतो. स्किल्स चार्ज कंपनी स्वतःच्या खात्यातून भरते, तुमचं स्पॉन्सरशिप सर्टिफिकेट, म्हणजे 'या माणसाला आम्ही नोकरीसाठी बोलावतोय' असा कंपनीचा दाखला, काढताना. तुमच्या अर्जात त्याचं पानच नसतं. सर्टिफिकेटचा नंबर हातात आल्यावर कोणी स्किल्स चार्ज मागत असेल, तर तो काय म्हणून मागतोय हे लेखी घ्या.

कंपनीने हा चार्ज नोकरावर ढकलायचा नाही, असा तिथला नियमच आहे; ढकलला तर परदेशातून माणसं आणण्याचा तिचा परवाना, म्हणजे स्पॉन्सर परवाना, जाऊ शकतो. सर्टिफिकेटची फी 239 वरून एप्रिल 2025 मध्ये 525 पौंड झाली, तीही 31 डिसेंबर 2024 पासून दिलेल्या सर्टिफिकेटसाठी कंपनीनेच सोसायची आहे.

'आत्ता कंपनी भरेल, मग पगारातून महिन्याला थोडं कापेल' असंही काही जण सांगतात. ते तर अजून धोक्याचं. 22 जुलै 2025 पासून स्किल्ड वर्कर व्हिसाला साधारणपणे वर्षाला किमान 41,700 पौंड पगार लागतो, किंवा त्या कामाचा ठरलेला दर, यांत जे जास्त असेल ते. एप्रिल 2024 च्या आधी हाच आकडा 26,200 होता. व्हिसाच्या खर्चापोटी पगारातून काही कापलं जात असेल तर ते वजा करून मगच पगार पुरतो का हे पाहतात. ज्याचा पगार जेमतेम रेषेवर आहे, त्याचा अर्ज अशा कपातीने अडकू शकतो.

मुलाने त्या रात्री कंपनीच्या एचआरला दोन ओळींची मेल टाकली. सकाळी उत्तर आलं: स्किल्स चार्ज आम्ही सर्टिफिकेट काढतानाच भरला आहे, तुमच्याकडून काही घ्यायचं नाही. त्याने ती मेल एजंटला दाखवून ओळीओळीने नवा कागद मागितला. त्यात हेल्थ सरचार्ज 9,82,000, व्हिसा फी तिघांची वेगळी, आणि स्किल चार्जची ओळ नव्हती.

काकूंनी एकच एफडी मोडली.