बावीस इनिंगचा सौदा: भर मोसमात रिलीव्हर आणावा का, या वादामागची गोष्ट

बेसबॉलमधला रिलीव्हर, म्हणजे बदली पिचर (चेंडू टाकणारा), लॅरी अँडरसन बॉस्टन रेड सॉक्सकडून नियमित मोसमात एकूण २२ इनिंग खेळला. त्या २२ इनिंगच्या बदल्यात बॉस्टनने दिलेला २२ वर्षांचा पोरगा पुढे ह्यूस्टनकडून १५ मोसम खेळला, ४४९ होमरन (बेसबॉलचे षटकार) मारून थांबला आणि २०१७ साली हॉल ऑफ फेममध्ये गेला. त्याचं नाव जेफ बॅगवेल. बेसबॉलमध्ये जुलै उजाडला आणि एखाद्या संघाच्या बुलपेनला, म्हणजे रिलीव्हरांच्या ताफ्याला, गळती लागली, की 'ट्रेड (खेळाडूंची अदलाबदल) करा' आणि 'अजिबात करू नका' अशा दोन फळ्या पडतात. दुसऱ्या फळीतला माणूस तोंड उघडतो तो बॅगवेलच्या नावानेच.

आपल्याकडच्या वाचकासाठी आधी थोडं. बेसबॉलचा सामना नऊ इनिंगचा. सुरुवात करणारा पिचर म्हणजे स्टार्टर. तो दमला किंवा मार खाऊ लागला, की मैदानाच्या कडेला बुलपेनमध्ये हात गरम करत असलेला रिलीव्हर येतो. क्रिकेटचा कप्तान बुमराहला दोन षटकं देऊन थांबवतो आणि शेवटी पुन्हा आणतो. बेसबॉलमध्ये ती सोय नाही. एकदा बदललेला खेळाडू त्या सामन्यात परत येत नाही. त्यात सहा महिन्यांत १६२ सामने, म्हणजे जवळपास रोज एक. एकाच माणसाला लागोपाठ तीन-चार दिवस वापरलं तर हात बोलायला लागतो. म्हणून बुलपेनमध्ये सात-आठ जण लागतात आणि त्यातले दोन जरी बिघडले तरी आठव्या-नवव्या इनिंगला सामने हातचे जाऊ लागतात.

स्टार्टरने सुरू केलेलं काम त्यानेच तडीस न्यायचं, हा पूर्वीचा शिरस्ता होता. रिलीव्हर म्हणजे स्टार्टर व्हायला न जमलेला गडी, असंच मानत. वॉशिंग्टनच्या फर्पो मारबेरीने १९२०च्या दशकात हे काम मुद्दाम नेमून दिल्यासारखं केलं आणि १९५० साली फिलाडेल्फियाचा जिम कॉन्स्टँटी रिलीव्हर असूनही नॅशनल लीगचा (बेसबॉलच्या दोन लीगपैकी एक, दुसरी अमेरिकन; दोन्हींचे विजेते शेवटी वर्ल्ड सीरिज खेळतात) सर्वोत्तम खेळाडू ठरला. तरी ही माणसं अपवादच होती. आज स्टार्टर सरासरी पाच-साडेपाच इनिंग टिकतो, उरलेलं सगळं बुलपेनच्या गळ्यात.

भर मोसमातल्या खरेदीला मुदत का आली, हा किस्सा मात्र रिलीव्हरचा नाही. १९२२च्या जुलैत न्यूयॉर्क यांकीजने बॉस्टन रेड सॉक्सकडून तिसऱ्या बेसवरचा जो डुगन उचलला. त्याच महिन्याच्या शेवटी न्यूयॉर्कच्याच जायंट्सने बॉस्टनच्याच दुसऱ्या संघाला, ब्रेव्हजला, एक लाख डॉलर आणि खेळाडू देऊन ह्यू मॅकक्विलन हा पिचर घेतला. दोन्ही न्यूयॉर्ककर आपापली लीग जिंकले. अमेरिकन लीगमध्ये सेंट लुइस ब्राउन्सचा संघ एका सामन्याने मागे राहिला आणि तिथे जो ओरडा झाला, तो रास्तच होता. श्रीमंताने शर्यत सुरू असताना दुसऱ्याचा घोडा विकत घ्यायचा, हा कुठला न्याय? पुढच्या वर्षीपासून ट्रेडची मुदत १५ जून झाली. ती १९८५पर्यंत टिकली. १९८६पासून ३१ जुलै आली. त्यानंतरही ऑगस्टमध्ये एक मागचं दार होतं: बाकीच्या संघांनी एखाद्या खेळाडूवर हक्क सांगितला नाही, तर त्याचा व्यवहार करता येई. ते दार २०१९ साली बंद झालं.

पण पिचरसाठी भविष्य गहाण टाकण्याची रीत बॅगवेलच्याही आधीची. १९५१च्या ऑगस्टअखेर यांकीजने बॉस्टन ब्रेव्हजकडून अनुभवी जॉनी सेन घेतला. मोबदला ५० हजार डॉलर आणि लू बर्डेट नावाचा फारसा कुणाला माहीत नसलेला पिचर. सेनने पैसे फिटवले. तो हळूहळू रिलीव्हर झाला, यांकीजच्या सलग तीन विजेतेपदांत त्याचा वाटा होता. मग १९५७ आलं. ब्रेव्हज तोवर मिलवॉकीला गेले होते आणि वर्ल्ड सीरिजमध्ये समोर यांकीजच. बर्डेटने त्यांना तीनदा हरवलं, तिन्ही सामने स्वतः शेवटपर्यंत टाकून. हा सौदा यांकीजला महागात पडला म्हणावं की स्वस्तात? मी स्वस्तात म्हणेन, कारण तीन विजेतेपदं आधी घरात आली होती. बॉस्टनचं तसं झालं नाही.

१९९०च्या ऑगस्टमध्ये बॉस्टनचा क्लोजर जेफ रीअर्डनच्या पाठीवर शस्त्रक्रिया झाली होती. क्लोजर म्हणजे आघाडी राखून शेवटची इनिंग मिटवणारा. टोरंटो पाठीमागे होतंच. जनरल मॅनेजर लू गॉर्मन यांनी ३७ वर्षांचा अँडरसन आणला. बॅगवेल तेव्हा दुय्यम संघात, न्यू ब्रिटनला, .३३३च्या सरासरीने, म्हणजे तीनात एक फटका, मारत होता. पण होमरन अख्ख्या मोसमात चारच. खेळायचा तिसऱ्या बेसवर आणि बॉस्टनच्या तिसऱ्या बेसवर साक्षात वेड बॉग्ज. त्या दिवशीच्या कागदांवर पाहिलं तर गॉर्मन यांची चूक इतकी भयंकर दिसत नाही. अँडरसनही काही वाईट खेळला नाही: १५ सामने, २२ इनिंग, नऊ इनिंगमागे १.२३ धावा. बॉस्टनने गट जिंकला तो दोनच सामन्यांच्या फरकाने, तेव्हा त्या २२ इनिंगशिवाय काय झालं असतं ते देव जाणे. पण पुढे ओकलंडने चार सामन्यांत चार वेळा धुतलं, पहिल्या सामन्याची हार अँडरसनच्याच नावावर लागली आणि मोसम संपल्यावर तो सॅन दिएगोला निघून गेला. बॅगवेल पुढच्याच वर्षी सर्वोत्तम नवोदित ठरला. तोही जन्माने बॉस्टनचा. बॉस्टनकरांना हे जास्त झोंबतं.

माझ्या मते खरा धडा मात्र यात नसून सात वर्षांनंतरच्या सौद्यात आहे. तो समजायला 'सेव्ह' हा आकडा समजायला हवा. शिकागोचे क्रीडापत्रकार जेरोम होल्ट्झमन यांनी रिलीव्हरचं काम मोजता यावं म्हणून तो काढला आणि १९६९पासून तो अधिकृत झाला. हेतू चांगला होता. पण सेव्ह मिळतो तो संधी मिळाली म्हणून. नववी इनिंग ज्याच्या वाट्याला येते त्याच्या खात्यात तो जमत जातो. तीन धावांची आघाडी, त्यातल्या दोन घालवल्या, तरी सेव्ह मिळतोच. हळूहळू बाजारभाव या आकड्यावर ठरू लागला.

१९९७च्या सिएटल मरिनर्सकडे केन ग्रिफी ज्युनियर, रँडी जॉन्सन, अॅलेक्स रॉड्रिग्ज असे तारे आणि बुलपेन म्हणजे फुटका माठ. ३१ जुलैला त्यांनी बॉस्टनकडून हीथक्लिफ स्लोकम घेतला. बॉस्टनसाठी त्या मोसमात त्याचे सेव्ह १७ आणि नऊ इनिंगमागे धावा ५.७९. दुसरा आकडा क्लोजरचा नव्हेच, तो पाहून ज्याला कापरं भरायला हवं होतं त्याने पहिला आकडा पाहिला. मोबदल्यात गेले पिचर डेरेक लो आणि कॅचर (यष्टिरक्षकासारखा) जेसन व्हेरिटेक. एवढ्यावर भागलं नाही: त्याच दिवशी होझे क्रूझ ज्युनियर हा होतकरू फलंदाज टोरंटोला देऊन आणखी दोन रिलीव्हर आणले. सिएटलने गट जिंकला आणि पहिल्याच फेरीत बाल्टिमोरकडून घरी गेलं. २००४मध्ये बॉस्टनने विजेतेपदाचा ८६ वर्षांचा दुष्काळ संपवला, तेव्हा प्लेऑफच्या (नियमित मोसमानंतरच्या बाद फेऱ्यांच्या) तिन्ही मालिकांतले निर्णायक सामने लोच्या नावावर होते आणि पलीकडे ग्लव्ह धरून बसला होता व्हेरिटेक. ज्या बॉस्टनने बॅगवेल दिला होता, त्याच बॉस्टनने वसुली केली, पण दुसऱ्याच्या खिशातून.

मग हे सगळं माहीत असून शिकागो कब्जने २०१६मध्ये पुन्हा तेच का केलं? कारण गणित बदललं होतं. जुलैअखेर मोसमाचा तिसरा हिस्सा उरतो, त्यात रिलीव्हर पंचवीसेक इनिंग खेळतो. संघाच्या वर्षभराच्या १४००हून जास्त इनिंगमध्ये ही चिमूट. पण प्लेऑफमध्ये मधे सुट्ट्या असतात, म्हणून तोच माणूस पुन्हा पुन्हा आणि जास्त वेळ वापरता येतो. क्लीव्हलंडने यांकीजकडूनच घेतलेल्या अँड्र्यू मिलरला त्या ऑक्टोबरात पाचव्या, सहाव्या, सातव्या इनिंगला, जिथे आग लागेल तिथे आणलं आणि अमेरिकन लीगच्या अंतिम मालिकेचा तो मानकरी ठरला.

कब्जने २५ जुलैला यांकीजकडून अरोल्डिस चॅपमन घेतला. त्याच्यावर त्याच मोसमाच्या सुरुवातीला घरगुती हिंसाचाराच्या धोरणाखाली ३० सामन्यांची बंदी झाली होती आणि शिकागोत कित्येक चाहत्यांना तो आपल्या टोपीत नको होता. मोबदल्यात ग्लेबर टोरेस आणि आणखी तिघे. कब्ज १९०८नंतर वर्ल्ड सीरिज जिंकले नव्हते. वर्ल्ड सीरिजच्या पाचव्या सामन्यात चॅपमनने ४२ चेंडू टाकले. सहाव्यात आघाडी मोठी असतानाही त्याला आणलं. २ नोव्हेंबरला क्लीव्हलंडमध्ये सातवा सामना, आठवी इनिंग, दोन गडी बाद, कब्ज ६-३ने पुढे. चॅपमन आला आणि क्लीव्हलंडच्या गायरने डबल (दोन बेस मिळवून देणारा फटका) मारला, ६-४. समोर राजाई डेव्हिस. त्याने बॅट बरीच वर धरली होती, ताकदीपेक्षा नुसता संपर्क साधायला. दोन बॉल, दोन स्ट्राइक. पुढचा चेंडू डाव्या सीमेवरच्या खांबाजवळून पार गेला. ६-६. हात रिकामा झालेला माणूस दिसतो कसा, ते पाहायचं असेल तर तो चेंडू पाहावा. तरी त्याने नववी इनिंग कशीबशी निभावली, पाऊस आला, १७ मिनिटं खेळ थांबला आणि दहाव्या इनिंगमध्ये कब्ज ८-७ जिंकले. विजय नोंदला गेला चॅपमनच्याच नावावर. डिसेंबरात तो पाच वर्षांच्या करारावर यांकीजकडे परतला, म्हणजे यांकीजना टोरेसही मिळाला आणि चॅपमनही. शिकागोत त्याचं कुणाला काही वाटलं नाही.

विकणाऱ्यालाही चटके बसतात. २०२२मध्ये मिलवॉकी ब्रुअर्सने गटात अव्वल असताना आपला क्लोजर जॉश हेडर सॅन दिएगोला दिला आणि मोसमाअखेर एका सामन्याने प्लेऑफ हुकवले.

आणि स्वस्तातला मार्ग? २०१९चं वॉशिंग्टन. पहिल्या ५० सामन्यांत ३१ हारलेला संघ, बुलपेन लीगमधल्या सगळ्यात वाईटांत. ३१ जुलैला त्यांनी नावाजलेला क्लोजर न शोधता तीन साधे रिलीव्हर जमवले. त्यातला डॅनियल हडसन टोरंटोकडून दुय्यम संघातल्या एका पिचरच्या बदल्यात आला आणि २५ इनिंगमध्ये त्याच्या नऊ इनिंगमागे धावा १.४४. वर्ल्ड सीरिजचा शेवटचा गडी त्यानेच बाद केला. मला विचाराल तर संघाने रिलीव्हर जरूर आणावा, पण असा: सेव्हचा आकडा न बघता आणि दोन-तीन जण एकदम, कारण त्यातला एक बिघडणार हे धरून चालायचं.

अर्थात टेक्सास रेंजर्सने माझं ऐकलं नसतं. २०२३च्या ३० जूनला त्यांनी पुन्हा चॅपमनच घेतला, कॅन्सस सिटीकडून. कॅन्सस सिटीने त्याला एका वर्षासाठी ३७ लाख ५० हजार डॉलरना उचललं होतं. पीक हाती आलं तेव्हा विकलं आणि कोल रॅगन्स नावाचा डावखुरा पिचर मिळवला. चॅपमन टेक्सासकडून नियमित मोसमात २९ इनिंग खेळला, नऊ इनिंगमागे धावा ३.७२, म्हणजे बऱ्या. टेक्सासने त्या वर्षी इतिहासातली पहिली वर्ल्ड सीरिज जिंकली. पुढच्या वर्षी रॅगन्स ऑल-स्टार झाला आणि टेक्सास प्लेऑफमध्येही पोहोचलं नाही. पण टेक्सासच्या गावात, आर्लिंग्टनमध्ये, त्या सौद्याबद्दल कुणी कुरकुरल्याचं माझ्या तरी कानावर आलेलं नाही.