तुरा

तुरा म्हणजे डोक्यावर किंवा शेंड्यावर उभा राहणारा झुबका. तो पिसांचा असेल, मोत्यांचा, फुलांचा किंवा नुसत्या कापडाचाही. शब्द मराठीत फारसीतून आला. मूळ अरबी ‘तुर्रा’चा एक अर्थ कपाळावर रुळणारी केसांची बट.

पक्ष्यांत मोराचा तुरा सर्वांत देखणा. त्याच्या पिसांच्या काड्या जवळजवळ उघड्याच असतात, टोकाला तेवढा निळसर हिरवा पंखा. हुदहुद एरवी तुरा मागे मिटून ठेवतो आणि जमिनीवर उतरताना क्षणभर उलगडतो. कोंबड्याचा तुरा मांसल, त्यात पीस एकही नाही. तरी बोलण्यात तो तुराच.

दरबारी पोशाखात पागोट्यावर शिरपेच, कलगी आणि मोत्यांचा तुरा लावत. ‘शिरपेचात मानाचा तुरा’ हा वाक्प्रचार तिथला. आजच्या फेट्याला रत्ने नसतात. बांधणारा कापडाच्या एका टोकाच्या बारीक चुण्या घालतो, बोटांनी दाबून त्या बसवतो आणि वरच्या वेढ्यात खोचून पंख्यासारख्या फुलवतो. हाच तुरा, पाठीवर सोडलेले दुसरे टोक म्हणजे शेमला. चुण्या सारख्या पडल्या नाहीत तर तुरा कलतो, म्हणून चांगला फेटा बांधणाऱ्याला लग्नसराईत फार मागणी असते.

शेतात मात्र हा शब्द ऐकून दर वेळी आनंद होतोच असे नाही. मक्याचा तुरा म्हणजे नर फुलोरा. त्यातले परागकण कणसाच्या केसरांवर पडले तरच दाणे भरतात. तो यावाच लागतो. उसाचे तसे नाही. पावसाळ्याच्या अखेरीस दिवस लहान होऊ लागले की काही जातींच्या शेंड्यात फुलोरा धरतो आणि पुढे रुपेरी तुरे बाहेर पडतात. वाऱ्यावर डोलणारे ते रान लांबून सुंदर दिसते, पण शेतकऱ्याचा जीव टांगणीला लागतो. तुरा आला की उसाची वाढ थांबते. पहिले दीड-दोन महिने फारसे बिघडत नाही. त्यानंतरही ऊस उभा राहिला तर बाजूला पांगशा फुटतात, कांडी आतून पोकळ पडते आणि वजन व साखर दोन्ही घटतात. तोड वेळेवर मिळणे म्हणूनच महत्त्वाचे. पण उसाच्या नव्या जाती या तुऱ्यांच्या संकरातूनच निघतात. १९१२ साली सुरू झालेल्या कोइमतूरच्या ऊस पैदास संस्थेचे काम त्यावर उभे आहे, आणि सिंधुदुर्गातल्या आंबोलीत ऊस चांगला फुलतो म्हणून तिथेही पैदास केंद्र आहे.

शाहिरीत तुरा हे एका पक्षाचे नाव. कलगीवाले शक्तीला, प्रकृतीला श्रेष्ठ मानतात. तुरेवाले शिवाला, पुरुषतत्त्वाला. सवालजवाबात एकाने पुराणातले कोडे घालायचे आणि दुसऱ्याने ते तिथल्या तिथे पद्यात सोडवायचे. माळवा-राजस्थानातही तुर्रा-कलंगीची परंपरा आहे. तिथली आख्यायिका अशी, की चंदेरीच्या राजाने तुकनगीर या हिंदू साधूला आपला तुरा दिला आणि शाहअली या फकिराला कलगी.

कोकणात हाच झगडा ‘शक्ती-तुरा’ म्हणून जिवंत आहे. गणपतीत जाखडी हा फेराचा नाच रंगतो तेव्हा मधोमध ढोलकी आणि झांज घेऊन गायक बसतात, भोवती पायांत चाळ बांधलेले नाचे फेर धरतात. मुंबईत राहणारे चाकरमानी या सामन्यांनी नाट्यगृहे भरतात.