जंतू गेले, तरी जळजळ का राहते?

जठरातील हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूवरचा १४ दिवसांचा अँटिबायोटिकचा कोर्स संपतो, गोळ्यांनी आलेली तोंडाची कडू चवही जाते. पण आंबट ढेकर, जळजळ आणि दोन घासांतच पोट भरल्यासारखे वाटणे काही थांबत नाही. मग जंतू मेलेच नाहीत असे घरच्या घरी ठरवून, जुन्या चिठ्ठीवर तोच कोर्स पुन्हा आणला जातो. माझ्या मते यापरता वाईट उपाय नाही, कारण जंतू खरोखरच उरले असतील तर ते बहुधा त्याच औषधाला न जुमानणारे असतात, आणि उरले नसतील तर आतड्यांतील उपयुक्त जिवाणूंचा बळी विनाकारण जातो.

जंतू उरले की नाही, हे तपासता येते. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना २००५ चे नोबेल मिळवून देणारा हा जंतू युरियाचे विघटन करून अमोनिया तयार करतो आणि त्याच्या आडोशाने आम्लात तग धरतो. श्वासाच्या चाचणीत नेमकी हीच क्रिया पकडली जाते. शौचाची अँटिजेन चाचणीही चालते. मात्र दोन्ही चाचण्या अँटिबायोटिक संपल्यावर किमान ४ आठवड्यांनी आणि पॅन्टोप्राझोलसारखी आम्लरोधक गोळी २ आठवडे बंद ठेवूनच कराव्यात, नाहीतर जंतू असूनही अहवाल निर्दोष येऊ शकतो. रक्तातील अँटिबॉडी जंतू गेल्यावरही कित्येक महिने टिकतात, त्यामुळे ती तपासणी येथे निरुपयोगी ठरते.

गंमत अशी की, गोळी बंद केल्यावर उसळणारी जळजळ पुष्कळदा त्या गोळीचीच देणगी असते. आम्ल दीर्घकाळ दाबून ठेवले की गॅस्ट्रिन हे संप्रेरक वाढते, आणि दाब उठताच जठर काही आठवडे नेहमीपेक्षा जास्त आम्ल सोडते. म्हणून दीर्घकाळ चाललेली गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने मात्रा घटवत, मग एक दिवसाआड घेत सोडणे अनेकांना सोपे जाते. ती घेण्याची वेळही महत्त्वाची असते. जेवणामुळे जागे होणारे आम्लाचे पंपच ती बंद करते, त्यामुळे नाश्त्याच्या अर्धा तास आधी घ्यायची गोळी नागपुरी सवयीप्रमाणे तर्री-पोह्यांची प्लेट रिकामी झाल्यावर चहासोबत घेतली, तर तिचा परिणाम बराच उणावतो.

चाचणी निर्दोष, गोळीही सुटलेली, तरी त्रास चालूच असेल तर तो फंक्शनल डिस्पेप्सिया, म्हणजे तपासणीत दोष न सापडणारे अपचन, असू शकतो. यात जठराच्या नसा हळव्या झालेल्या असतात आणि अन्न आल्यावर जठर पुरेसे सैलावत नाही. अशा वेळी सावजी रश्शाच्या तिखटाइतकाच त्यावरचा तेलाचा तवंगही बाधतो, कारण स्निग्ध पदार्थ जठर रिकामे होण्याचा वेग मंदावतात. थोडे थोडे खाणे, रात्रीच्या जेवणानंतर दोन-तीन तास आडवे न होणे आणि खर्रा (तंबाखू-सुपारीचे मिश्रण) सोडणे यांनी फरक पडतो. अंगदुखीवर परस्पर घेतलेली डायक्लोफेनॅकची गोळीही शोधून थांबवावी.

वजन घटणे, घास अडकणे, रक्ताची उलटी किंवा डांबरासारखे काळे शौच, यांपैकी काहीही आढळले तर विनाविलंब डॉक्टरांना गाठावे. दुर्बिणीची तपासणी लागू शकते. बिस्मथ किंवा लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळे होते, त्यामुळे चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे सोबत न्यावीत.